सासूबाईंना दिलेला पत्ता

आमच्या घरात भुतांना प्रवेश नव्हता. बाबांचा तसा नियमच होता. आमचं घर बौद्ध. श्राद्ध नाही, पिंड नाही, पितृपक्षात कावळ्याची वाट बघत गच्चीवर उभं राहणं नाही. माणूस गेलं की पुण्यानुमोदन करायचं, आलेल्यांना खीर द्यायची, गेलेल्याबद्दल चार चांगले शब्द बोलायचे आणि दुसऱ्या दिवशी कामावर जायचं. शेजारच्या काकू गच्चीत पान ठेवून कावळ्यांना हाका मारायला लागल्या की बाबा मुद्दाम रेडिओचा आवाज वाढवायचे. मी त्या बाबांची मुलगी. त्यामुळे पुढचं सगळं त्यांना सांगायची माझी अजून हिंमत झालेली नाही.

माझा नवरा जावा बेटावरचा. भातशेतीचं गाव, मागे ज्वालामुखी, पुढे ओढा. तो इथे परदेशात, पेनरोजला, एका पॅकिंगच्या कारखान्यात मशीन दुरुस्त करतो आणि त्याच आवारातल्या गोदामाची कम्प्युटर सिस्टीम मी सांभाळते. आमची ओळख जेवणाच्या सुट्टीत झाली, कारण सगळ्या कॅन्टीनमध्ये खिशातून तिखटाची बाटली काढणारे आम्ही दोघंच होतो. त्याचा सांबाल, माझा ठेचा. लग्न झालं, मुलगी झाली, शहराच्या दक्षिण टोकाला, पापाकुरामध्ये, एक जुनं लाकडी घर भाड्याने घेतलं. मागे मोठं अंगण, लिंबाचं झाड. स्वतःचं घर घ्यायचं आम्ही दर वर्षी ठरवायचो आणि दर वर्षी किमती बघून गप्प बसायचो.

त्याला मात्र त्याची फार खंत नव्हती. गावात त्याचं घर होतं. त्यांच्याकडे पद्धत अशी की मोठी भावंडं लग्नं करून आपापली घरं करतात, सगळ्यांत धाकटं आईवडिलांपाशी राहतं आणि घर त्याचं होतं. हा धाकटा. राहिला नव्हता, पण घर त्याचंच होतं. सासूबाई एकट्या राहायच्या आणि समोरची खोली त्याच्यासाठी मोकळी ठेवायच्या. दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या थोरल्या लेकीला त्यांनी तिथे कधी भाताचं पोतंसुद्धा ठेवू दिलं नाही. दर ईदच्या आधी दाराला नवा हिरवा रंग द्यायच्या आणि फोनचा कॅमेरा दाराच्या इतका जवळ धरायच्या की आम्हाला नुसता हिरवा पडदा दिसायचा.

मी त्यांना इबू म्हणायचे. इबू म्हणजे आई. आम्हाला एकमेकींची भाषा येत नव्हती. फोनवर मी मराठीत बोलायचे, त्या जावाच्या भाषेत, आणि नवरा जेवत असला तर आम्ही त्याच्यावाचून दहा-दहा मिनिटं बोलायचो. काय बोलायचो देव जाणे, पण कुणी मध्येच फोन ठेवला नाही.

मग नवऱ्याने इथलं नागरिकत्व घेतलं. हेन्डरसनला, कौन्सिलच्या हॉलमध्ये समारंभ होता. 'किया ओरा', म्हणजे इथला नमस्कार, म्हणून स्वागत झालं, शपथ झाली, प्रत्येकाला एक रोपटं दिलं. सासूबाईंना मी व्हिडिओवर सगळं दाखवत होते. तिकडे त्यांनी गावजेवण घातलं होतं. त्यांच्याकडे काही चांगलं झालं, वाईट झालं, कुणी जन्मलं, कुणी गेलं की शेजारपाजारच्या पुरुषांना बोलावून चटईवर बसवतात, प्रार्थना म्हणतात आणि प्रत्येकाला जेवणाचा डबा घरी न्यायला देतात. स्लामेतान म्हणतात त्याला. त्या दिवशी पिवळ्या भाताचा उंच डोंगर रचला होता. पोराला परदेशाचा पासपोर्ट मिळाला म्हणून अख्खी गल्ली जेवली.

ज्या गोष्टीने घर गेलं, त्या गोष्टीचं जेवण त्या घरातच घातलं गेलं. त्या चटईवर गावचा कारकूनही बसला होता. त्यालाही सुचलं नाही. त्यांच्या देशात दुहेरी नागरिकत्व चालत नाही आणि परक्या देशाच्या माणसाला अशी जमीन नावावर ठेवता येत नाही; वारशाने आली तरी वर्षभरात सोडावी लागते. मला तरी हे सुचायला हवं होतं; आमच्याकडेही शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही हे मला पाठ होतं. पण तेव्हा सगळे इतके खूश होते की कायद्याची आठवण काढणं म्हणजे लग्नात शिंकण्यासारखं झालं असतं.

पुढे एका दुपारी सासूबाई गेल्या, स्वयंपाकघरात, चुलीपुढे बसल्या बसल्या. त्यांच्याकडे दफन त्याच दिवशी करतात. आम्ही विमानतळावर पोचायच्या आत सगळं उरकलं होतं. पार्किंगमध्ये गाडीत बसून नवऱ्याने फोनवर आईची माती बघितली आणि मग तिकीट रद्द केलं. घरी परत येताना तो एवढंच म्हणाला, "इबू आता घरी येईल आणि घरात कोणी नाही."

मला वाटलं, दुःखात बोलतोय. पण तो माहिती द्यावी तसं बोलत होता. त्यांच्या गावात मानतात की गेलेलं माणूस लगेच जात नाही. हजाराव्या दिवसापर्यंत अधूनमधून घरी येतं, गुरुवारी संध्याकाळी, दिवेलागणीला. तेव्हा दार उघडं लागतं, दिवा लागतो, त्याच्या आवडीचं काहीतरी ठेवावं लागतं. हे काम घर ज्याचं त्याचं, म्हणजे धाकट्याचं. नणंदेने स्पष्ट सांगितलं की ती किल्ली घेईल, छप्पर बघेल, पण गुरुवारी दार उघडणार नाही. ते तिचं नाही. मग शेजारणीचा फोन आला. गुरुवारी संध्याकाळी बंद घराच्या अंगणात खराट्याचा आवाज येतो म्हणे. सासूबाई अंगण झाडून बाहेर थांबतात.

"वारा असेल," मी म्हटलं.

"हो," नवरा म्हणाला. "वाराच असेल." आणि त्या रात्री जेवला नाही.

शंभराव्या दिवसाच्या जेवणाला आम्ही तिघं गेलो. मी ते गाव पहिल्यांदा नीट बघितलं. शेतं इतकी लहान की आमच्याकडे त्यांना वाफे म्हणतील; बापाच्या जमिनीचे मुलांत तुकडे, त्या तुकड्यांचे नातवंडांत तुकडे. चिखलात वाकलेल्या बायका सगळ्या साठीच्या पुढच्या. तरुण मंडळी शहरात, मलेशियात, कोरियात. त्यांनी पाठवलेल्या पैशाने बांधलेली रंगीत फरशांची घरं गावभर उभी होती आणि निम्म्या घरांना कुलपं होती. बांधाबांधावर 'विकणे आहे'च्या पाट्या. ओढ्याच्या काठावर भातशेती बघत कॉफी पिण्याचं एक दुकान निघालं होतं. शहरातली पोरं तिथे येऊन हिरव्या शेताचे फोटो काढायची. ज्याचं शेत ते बघायची तो म्हातारा त्याच दुकानात कपबश्या धुवायचा. शेतापेक्षा त्याला त्यातच जास्त मिळत होतं, आणि तो मजेत होता.

सासूबाईंचं घर लाकडी, कौलारू, उतरत्या छपराचं. आत गेलो तेव्हा चुलीच्या धुराचा वास तसाच होता. मुलगी खोलीच्या मधोमध उभी राहून हळूच म्हणाली, "ममा, एयांग इज स्टिल कुकिंग." एयांग म्हणजे आजी. मी तिला म्हटलं, बेटा, जुन्या घराला वास असतोच. आणि मग मीच उगाच स्वयंपाकघरात डोकावून आले. चूल थंड होती. त्या संध्याकाळी मी मागे कपडे वाळत घालत असताना पुढच्या अंगणातून खराट्याचा आवाज आला. सावकाश, एका लयीत, म्हाताऱ्या हाताचा. पुढे जाऊन बघितलं तर कोणी नाही, अंगण लख्ख झाडलेलं. सकाळी नणंदेने झाडलं असेल. मी तिला विचारलं नाही, कारण ती नाही म्हणाली असती तर मग मी काय करणार होते?

दुसऱ्या दिवशी घराला गिऱ्हाईक आलं. गावचाच माणूस, कोरियात काम करून परत आलेला, हसतमुख. चहा घेतला, मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला, घराच्या खांबांवर टिचक्या मारून लाकडाचा आवाज ऐकला. त्याला इथे छोट्या बंगल्यांची रांग बांधायची होती. नवा मोठा रस्ता येणार होता, किंवा येणार असं सगळे म्हणत होते. नणंदेने त्याच्यासमोरच नवऱ्याला सांगितलं, "माझ्या नावावर करायचं तर कर. पण मी विकणार. माझे मुलगे परत येणार नाहीत, माझे गुडघे गेलेत. लावणी कोण करणार?"

ती खोटं काही बोलत नव्हती. मी वाट बघत होते की आता हा काहीतरी म्हणेल. पण थोरल्या बहिणीशी तो जी भाषा बोलतो ती वेगळीच, आदराची. ती त्याला साध्या भाषेत बोलते आणि तो तिला दरबारात बोलावं तसं. त्या बोलण्यात 'इंग्गिह' हा एक शब्द सारखा येतो. म्हणजे 'जी'. बहीण काही म्हणाली, इंग्गिह. गिऱ्हाईक काही म्हणालं, इंग्गिह. मी कोपऱ्यात बसून मनात त्याला ढकलत होते, अरे नाही म्हण, एकदा तरी नाही म्हण! आमच्या पुण्यात एवढ्यात दोन भांडणं, एक वकील आणि आयुष्यभराचा अबोला झाला असता. इथे चहा संपला आणि घर गेलं. कुणाचा आवाज चढला नाही.

रात्री... नाही, संध्याकाळचीच गोष्ट, जेवणाचे डबे घेऊन लोक निघायच्या आधी. प्रार्थना म्हणणारे म्हातारबुवा नवऱ्याला बाजूला घेऊन म्हणाले, घर जाणार तर तिला सांगावं लागेल. न सांगता गेलास तर ती इथेच येत राहील, आणि इथे परक्याचं दार असेल. तिच्या उंबऱ्यात उभं राहून, तिच्या भाषेत, नवं दार कुठलं ते सांग. हे दुसरीकडून सांगता येत नाही.

नवरा उंबऱ्यात उभा राहिला. आम्ही मागे. त्याने हात जोडले आणि आदराच्या त्या भाषेत आईला पापाकुराचा पत्ता सांगितला. घराचा नंबर, रस्त्याचं नाव, इंग्रजीतच, पण इतक्या मऊ आवाजात की ते मला ओळखूच आलं नाही. मग त्याला वाटलं असावं की एवढ्याने तिला सापडणार नाही. सासूबाई जन्मात विमानात बसल्या नव्हत्या. तो वाट सांगायला लागला. समुद्र ओलांड. विमानतळापासून दक्षिणेला ये. रेल्वेच्या रुळांच्या कडेने चालत राहा. पापाकुरा स्टेशन आलं की डेअरीवरून डावीकडे वळ, दूध-पाव मिळतात ते दुकान. मागच्या अंगणात लिंबाचं झाड आहे, तेच घर.

मुलीने माझा कुर्ता ओढला. "डझ शी नीड अ ट्रेन कार्ड?"

मी हसायला गेले आणि रडायलाच लागले. बाबांची मुलगी, परक्या गावात, चटयांवर बसलेल्या चाळीसेक अनोळखी पुरुषांसमोर. म्हातारबुवा म्हणाले, सून रडली हे बरं झालं. आता तिला कळेल कुणाच्या मागे जायचं.

पापाकुराला परतल्यावर गुरुवार सुरू झाले. संध्याकाळी पुढचं दार उघडं ठेवायचं, पायरीपाशी काळी कॉफी, भरपूर साखरेची, आणि अंगणातली मिळतील ती फुलं. कॉफी मी करायचे, कारण नवरा साखर कमी घालायचा. सुरुवातीला मी त्याच्यासाठी करत होते. पण एका गुरुवारी दारावरचा सेन्सरचा दिवा आपोआप लागला. मांजर गेली तरी तो लागतो, हे मला माहीत होतं. तरी मी उठले आणि मुलीचे जँडल्स, म्हणजे रबरी चपला, आणि पोहण्याचे ओले टॉग्ज पायरीवरून बाजूला केले. कुणाला अडखळायला नको म्हणून. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. दिवा बराच वेळ जळत राहिला. घरात त्या वेळी भीती नव्हती, हे मला सांगायलाच हवं. आपण जेवत असताना आतल्या खोलीत म्हातारं माणूस पडलेलं असतं ना, तसं वाटायचं.

तिकडे कागद झाले. नणंदेने फोटो पाठवला: घर पाडलं नव्हतं, उतरवलं होतं. खांब, तुळया, कौलं, सगळं ट्रकवर. जुन्या लाकडाला कुठल्याशा रिसॉर्टमध्ये मागणी होती. जमीन सपाट, मधे फक्त चुलीच्या जागी काळा डाग. नवऱ्याने तो फोटो बघितला आणि म्हणाला, "बरं झालं, वेळेत सांगितलं."

आणि त्यानंतर दोनेक महिन्यांनी घरमालकाची नोटीस आली.

मालक सभ्य माणूस. तो जागा विकत होता. एवढं मोठं अंगण आता कोणी ठेवत नाही. घर पाडून तिथे सहा टाउनहाउस होणार होती. त्याने आम्हाला ठरल्यापेक्षा थोडे दिवस जास्तही दिले. मी त्याला दोष देऊ शकत नाही, आणि देता आला असता तर बरं वाटलं असतं. नवरा नोटीस वाचून हातात धरून बसला. मी म्हटलं, "अरे, मिळेल दुसरं घर. पश्चिमेकडे हीप्स घरं आहेत, ढीगभर."

"घर मिळेल," तो म्हणाला. "इबूला कसं कळणार?"

नवा पत्ता गावातल्या उंबऱ्यातूनच सांगता आला असता, आणि तो उंबराच राहिला नव्हता. त्याने म्हातारबुवांना फोन लावला. स्पीकरवर मी फक्त म्हातारबुवांचं 'इंग्गिह, इंग्गिह' ऐकत होते, आणि एव्हाना मला त्यामागचा अर्थ कळायला लागला होता. म्हातारा त्याला नाही म्हणत नव्हता. उंबऱ्याशिवाय कसं सांगायचं, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. आईला आम्ही आमच्या हाताने तिच्या गावातून उठवलं होतं, समुद्र ओलांडायला लावला होता, आणि आता तिथेही दार नव्हतं.

आम्ही हेन्डरसनला आलो. छोटं युनिट, वरच्या मजल्यावर, अंगण नाही. गुरुवारी नवरा कामावरून घरी उशिरा यायला लागला. ओव्हरटाइम असेल म्हणून मी विचारलं नाही, आणि त्याने लपवलंही नाही. तो पापाकुराला जात होता. घर पाडलं गेलं होतं, लिंबाचं झाडही. तो कुंपणाशी गाडी लावून अंधार पडेपर्यंत बसायचा आणि मग घरी यायचा. आत आला की दार उघडंच ठेवायचा, जरा वेळ, मागून कोणी येत असल्यासारखं. मग लावून घ्यायचा.

मागच्या महिन्यात त्याची पाळी बदलली. गुरुवारी संध्याकाळची आली. बुधवारी भांडी पुसता पुसता तो म्हणाला, "उद्या तू जाशील?"

त्याने आजवर माझ्याकडे काही मागितलेलं नव्हतं. मी म्हटलं, जाते.

पापाकुराला पोचले तेव्हा ऊन उतरत होतं. जाळीचं कुंपण, आत खणलेले पाये, त्यांत पाणी. आमची पायरी कुठे होती तेही मला ओळखता येईना. मी फाटकाशी उभी राहिले. नारिंगी जाकिटातला एक माणूस सामान आवरत होता, तो जवळ आला.

"किया ओरा. यू राइट? काही हवंय का?"

मी काहीतरी थाप मारू शकले असते. पण तोंडातून खरंच निघालं. "माझ्या सासूबाई यायच्या आहेत. त्यांच्याकडे इथलाच पत्ता आहे."

"फोन करा ना त्यांना."

"फोन नाहीये त्यांच्याकडे."

त्याने खणलेल्या जागेकडे बघितलं, मग माझ्याकडे. "वय झालंय का त्यांचं?"

"हो. आणि एकट्याच येतायत. लांबून."

"स्वीट ॲज, काही हरकत नाही. तुम्ही थांबा हवं तेवढं," तो म्हणाला. "मी गेट लावून चाललोय. त्यांना फक्त आत येऊ देऊ नका हं. अंधारात खड्डे दिसत नाहीत."

त्याने साखळी ओढून कुलूप लावलं, हात केला आणि गाडी घेऊन गेला. रस्त्यावरचे दिवे लागले. पलीकडच्या घरात कोणीतरी कुत्र्याला आत बोलावत होतं. मला त्यांची भाषा येत नाही, आणि सांगायची जागाही ही नव्हे, हे मला माहीत होतं. मी जाळीला दोन्ही हातांनी धरलं आणि मोठ्याने, मराठीत म्हटलं, "इबू, तिथेच थांबा, आत जाऊ नका. आम्ही आता इथे राहत नाही. माझ्याबरोबर चला."

मग मी गाडीचं मागचं दार उघडलं आणि ते लावून घ्यायला मला किती वेळ थांबावं ते कळेना.